वायटोमोच्या वरच्या दाराची गोष्ट

न्यूझीलंडच्या वायटोमो ग्लोवर्म गुहेला दोन तोंडं आहेत. एक वर, झाडीत. तिथून पर्यटक आत शिरतात. दुसरं त्याच्या बरंच खाली, ओढ्याच्या पातळीवर. तिथून ते बोटीत बसून बाहेर येतात. मधल्या पाऊण तासात त्यांना जे दिसतं त्याचे फोटो जगभर फिरले आहेत: काळ्याकुट्ट छतावर पसरलेले निळसर ठिपके, म्हणजे चमकणाऱ्या अळ्या, आणि त्याखाली सरकणारी नाव. वरच्या तोंडाला बसवलेल्या दाराकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही. ते दार कधी उघडं ठेवायचं आणि कधी बंद, यावर त्या ठिपक्यांचं जगणं अवलंबून आहे. म्हणून माझ्या मते वायटोमोला जाणाऱ्याने छताइतकंच त्या दाराकडेही बघावं.

आधी जागा. ऑकलंडहून दक्षिणेला गाडीने साधारण अडीच तास. हॅमिल्टन मागे टाकलं की हिरव्या टेकड्या, मेंढ्या आणि गाईगुरं सुरू होतात. ओटोरोहांगा आणि ते कुईटी या दोन गावांच्या मध्ये महामार्ग सोडून आठेक किलोमीटर आत वळलं की वायटोमोचं छोटंसं गाव लागतं. इथली जमीन चुनखडीची. सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वी हा भाग समुद्राखाली होता. शिंपले, प्रवाळ, माशांची हाडं आणि सूक्ष्म जिवांचे सांगाडे तळाशी साठत गेले, दाबले गेले, त्याचा खडक झाला आणि पुढे तो वर उचलला गेला. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होतं, फटींतून झिरपतं आणि चुनखडी विरघळवत जातं. या परिसरात आजवर तीनशेहून जास्त गुहा सापडल्या आहेत.

सह्याद्रीच्या बेसाल्टमध्ये असं होत नाही. आपल्याकडची लेणी छिन्नी-हातोड्याने कोरलेली आहेत, इथलं सगळं कोरीवकाम पाण्याचं आहे. तेच पाणी छतावरून थेंबाथेंबाने पडताना आपला कार्बन डायऑक्साइड सोडतं, आणि विरघळलेला चुना मागे ठेवतं. त्यातून लवणस्तंभ वाढतात. एक घन सेंटीमीटर वाढायला शंभर वर्षं, असा अंदाज इथले मार्गदर्शक सांगतात. बोटाचा एक स्पर्श झाला की त्वचेवरचं तेल त्या जागी बसतं, आणि पुढे तिथे चुना नीट धरत नाही. ‘हात लावू नका’ या सूचनेमागे एवढं गणित आहे.

आता त्या ठिपक्यांकडे वळू. आपण काजवा म्हणतो त्या किड्याशी यांचं नातं फार दूरचं आहे. काजवा हा भुंग्यांच्या कुळातला. वायटोमोचा ग्लोवर्म म्हणजे अराक्नोकॅम्पा ल्युमिनोसा नावाच्या, डासासारख्या दिसणाऱ्या एका माशीची अळी. ही जात फक्त न्यूझीलंडमध्ये सापडते. तिच्या भाऊबंद जाती ऑस्ट्रेलियात आणि टास्मानियात आहेत. काजवा जोडीदारासाठी चमकतो, ही अळी मुख्यतः भक्ष्यासाठी. तिचा उजेड म्हणजे गळाला लावलेलं आमिष आहे.

अंड्यातून बाहेर पडते तेव्हा अळी जेमतेम तीन मिलिमीटरची असते. ती छताला चिकटून स्वतःच्या लाळेची आणि रेशमाची एक पारदर्शक नळी विणते आणि तिच्यात पुढे-मागे सरकत राहते. त्या नळीपासून खाली धागे सोडते. धागा सोडण्याची रीत पाहण्यासारखी असते: डोकं नळीबाहेर लोंबकळत ठेवायचं, तोंडातून चिकट थेंब काढायचा, थोडं रेशीम सोडायचं, पुन्हा थेंब, पुन्हा रेशीम. शेवटी मोत्यांची एकेक लड लटकावी तसे धागे तयार होतात. एका अळीचे सत्तरपर्यंत धागे असू शकतात. उघड्या जंगलात वाऱ्याने ते एकमेकांत गुंतू नयेत म्हणून आखूड असतात. गुहेत वारा संथ असल्यामुळे हातभरापर्यंत लांब जातात. गुहेतल्या वाटेवर जिथे मार्गदर्शक छतावर तिरका उजेड टाकून हे धागे दाखवतो, तिथे घाई करू नये. पुढे अंधारात नुसते ठिपके दिसतात, पण त्या प्रत्येक ठिपक्याखाली असा पडदा लोंबतो आहे हे तिथेच कळतं.

ओढ्यातून वाहत आलेल्या आणि गुहेत पंख फुटून वर उडालेल्या चिलटांना वरचा उजेड मोकळ्या आभाळासारखा वाटतो. ती त्या दिशेने झेपावतात आणि धाग्याला चिकटतात. अळी कंपनावरून कोणता धागा हलला ते ओळखते, तोच धागा गिळत गिळत वर ओढते आणि भक्ष्य खाते. उजेड निघतो तो पोटाच्या मागच्या टोकातून, आपल्या मूत्रपिंडाचं काम कीटकांमध्ये करणाऱ्या नळ्यांच्या फुगीर टोकांतून. तिथे रासायनिक क्रियेने जवळजवळ उष्णतेविना निळा-हिरवा प्रकाश तयार होतो, आणि प्राणवायूचा पुरवठा कमी-जास्त करून अळी तो मंद किंवा प्रखर करते. भुकेली अळी जास्त चमकते. छतावर सगळ्यात ठसठशीत दिसणारा ठिपका पोट रिकामं असलेल्या अळीचा असण्याची शक्यता म्हणूनच जास्त.

या अवस्थेत ती अनेक महिने राहते, काडेपेटीतल्या काडीएवढी होईपर्यंत. मग सुमारे दोन आठवडे कोष, आणि मग पंख. प्रौढ माशीला खाता येईल असं तोंडच नसतं; आयुष्यभराचं खाणं अळीने आधीच खाऊन ठेवलेलं असतं. मादी कोषात असतानाच चमकत राहते आणि नर तिच्याजवळ येऊन वाट बघत बसतात. मिलन, शंभराच्या घरात अंडी, आणि काही दिवसांत शेवट. अंड्यांतून निघालेल्या पिल्लांना खायला काही नसेल तर ती एकमेकांनाही खातात. मोठ्या अळ्याही आपापली हद्द राखतात. छतावरचे ठिपके एकमेकांपासून सारख्या अंतरावर वाटतात त्याचं कारण हे.

या सगळ्यात हवेचा संबंध कुठे येतो? त्या चिकट थेंबांत. ते थेंब हवेतला ओलावा शोषून चिकट राहतात. सापेक्ष आर्द्रता साधारण ऐंशी टक्क्यांखाली गेली की ते आटतात आणि त्यांचा चिकटपणा जातो. मग चिलट धाग्याला आपटून निघून जातं. अळीलाही कोरडी हवा सोसत नाही. तिचं अंग मऊ, पातळ कातडीचं, ती सुकते. म्हणजे छतावरचा उजेड टिकवायचा तर गुहेतली हवा कायम दमट ठेवायला हवी.

आणि दोन तोंडांची गुहा ही धुराड्यासारखी वागते. आतलं तापमान वर्षभर साधारण तेरा-चौदा अंशांच्या आसपास असतं. उन्हाळ्यात बाहेरची हवा त्याहून गरम असते, तेव्हा आतली थंड, जड हवा खालच्या तोंडातून बाहेर वाहते आणि तिच्या जागी वरून गरम हवा आत येते. ती आत थंड होते आणि भिंतींवर दव धरतं. हिवाळ्यात उलटं: आतली तुलनेने ऊबदार, हलकी हवा वरच्या तोंडातून निघून जाते आणि खालून थंड हवा आत ओढली जाते. थंड हवेत बाष्प कमी असतं. ती आत येऊन तापली की स्पंजासारखी भिंतींचा आणि थेंबांचा ओलावा ओढून घेते. ग्लोवर्मची मोठी वस्ती नेमकी खालच्या बाजूला, ओढ्यावरच्या छताला आहे. म्हणजे सगळ्यात कोरडी हवा आधी त्यांनाच गाठते.

वरच्या तोंडाला पूर्वी भक्कम बंद दार होतं. १९७०च्या दशकात ते काढून तिथे हवा खेळती राहील असं जाळीचं फाटक बसवण्यात आलं. हेतू वाईट नव्हता. पण धुराड्याचं तोंड उघडल्यावर जे व्हायचं तेच झालं. वारा अखंड वाहू लागला, छत कोरडं पडत गेलं, उजेड विझत गेले. १९७९मध्ये गुहा काही महिने पर्यटकांसाठी बंद ठेवावी लागली. अभ्यास झाला, दार पुन्हा बंदिस्त केलं गेलं, अळ्या परतल्या. देशातल्या सगळ्यात नावाजलेल्या पर्यटनस्थळांपैकी एक काही महिने बंद ठेवायला जे धाडस लागतं ते तेव्हा दाखवलं गेलं म्हणून आज तिथे काही बघायला उरलं आहे, असं मला वाटतं.

मग दार कायमचं बंद का नाही ठेवायचं? इथे दुसरी अडचण उभी राहते, आणि ती माणसांमुळे. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड दहा लाखांत चारशेच्या थोडा वर असतो. माणसाच्या उच्छ्वासात तो चाळीस हजारांच्या आसपास असतो. शिवाय प्रत्येक माणूस शंभर वॅटच्या जुन्या दिव्याइतकी उष्णता सोडत चालतो. अशी शेकडो माणसं एका दिवसात बंद जागेतून गेली की वायू साठतो. दव धरलेल्या भिंतीवरच्या पाण्यात तो मिसळला की ते पाणी पुन्हा आम्लधर्मी होतं आणि हजारो वर्षांत जमलेला चुना विरघळवू लागतं. लवणस्तंभांची वाढ थांबते आणि झीज सुरू होते. त्यासाठी इथे दहा लाखांत २४०० ही मर्यादा ठरलेली आहे. ती ओलांडली की पर्यटकांना आत सोडणं थांबवतात. आतले मापक सतत तापमान, आर्द्रता आणि वायूचं प्रमाण नोंदवत असतात, आणि व्यवस्थापनाला सल्ला देण्यासाठी तज्ज्ञांचा गट आहे.

दार बंद ठेवलं तर वायू साठतो, उघडं ठेवलं तर छत सुकतं. आत-बाहेरचं तापमान सारखं झालं की वारा अजिबात वाहत नाही, तेव्हा दार उघडूनही फारसा उपयोग नसतो. अशा दिवशी माणसं कमी करणं एवढाच उपाय उरतो. हे रोजचं काम आहे आणि ते ऋतूप्रमाणे, तासाप्रमाणे बदलतं. इतक्या गर्दीच्या जागी इतकं बारीक काम वर्षानुवर्षं चालू ठेवणं फार थोड्या ठिकाणी जमलेलं आहे.

दिव्यांचाही असाच प्रश्न. गुहेत कायमचा दिवा लावला की त्याच्या भोवती खडकावर हिरवं शेवाळ आणि नेचे उगवतात. ते चुन्याला खातात आणि घासून काढायला गेलं तर खडकच ओरखडतो. म्हणून कमी उष्णतेचे एलईडी, आणि माणसं असतील तेवढाच वेळ उजेड. कपड्यांचे धागे, केस आणि त्वचेचे कण हेही साचतात. पायवाटेच्या कडेने खडकावर दिसणारी करडी पुटं म्हणजे बऱ्याचदा आपलीच धूळ असते.

या गुहेची माणसांची बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. हा प्रदेश न्गाती मानियापोतो या माओरी जमातीचा. १८६०च्या दशकातल्या वायकाटो युद्धानंतर माओरी राजा आणि त्याचे लोक इथे आश्रयाला आले आणि जवळजवळ दोन दशकं गोऱ्या वसाहतवाल्यांना इथे मज्जाव होता. इंग्रज त्याला ‘किंग कंट्री’ म्हणू लागले ते त्यामुळेच. रेल्वेचं काम १८८५मध्ये सुरू झालं आणि प्रदेश खुला होऊ लागला. १८८७मध्ये स्थानिक प्रमुख ताने तिनोराऊ आणि इंग्रज सर्वेक्षक फ्रेड मेस हे अळशीसारख्या स्थानिक झाडाच्या दांड्यांचा तराफा बांधून, मेणबत्त्या घेऊन, ओढा जमिनीखाली शिरतो तिथून आत गेले. गुहा स्थानिकांना आधीपासून ठाऊक होती. आतला भाग नीट धुंडाळला गेला तो तेव्हा. पुढच्या फेऱ्यांमध्ये तिनोराऊंना वरचं तोंड सापडलं, तेच ज्याच्या दाराची ही गोष्ट. १८८९पासून तिनोराऊ आणि त्यांची पत्नी हुती हे शुल्क घेऊन पाहुण्यांना आत नेऊ लागले.

१९०६मध्ये सरकारने गुहेचा कारभार ताब्यात घेतला. ती परत मिळायला १९८९ उजाडलं: जमीन आणि गुहा तिनोराऊ आणि हुतींच्या वंशजांकडे आली, उत्पन्नात त्यांना वाटा मिळू लागला आणि व्यवस्थापनात आवाजही. आज मार्गदर्शकांपैकी अनेक जण याच घराण्यातले आहेत. पणजोबांनी शोधलेली वाट पणतू दाखवतो तेव्हा सांगण्यात पाठांतराचा सूर राहत नाही. त्यांना प्रश्न विचारावेत. बोटीत बसल्यावर नव्हे, त्याआधी, कॅथीड्रल नावाच्या उंच दालनात. तिथे आवाज इतका सुंदर घुमतो की न्यूझीलंडच्या जगप्रसिद्ध ऑपेरा गायिका किरी ते कानावा तिथे गायल्या आहेत. सोबत कुणी गाणारं असेल तर मार्गदर्शकाला विचारून दोन ओळी म्हणायला लावाव्यात.

जवळच्या रुआकुरी गुहेची गोष्टही सांगायलाच हवी. तिच्या मूळ तोंडाशी माओरींची दफनभूमी आहे, म्हणजे ती जागा त्यांच्यासाठी पवित्र आणि वर्ज्य. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून पर्यटक तिथूनच आत जात होते. १९८८मध्ये वादांमुळे ही गुहा बंद झाली. २००५मध्ये ती पुन्हा उघडली तेव्हा जुनं तोंड पूर्ण वगळून जमिनीत नवा उभा बोगदा खोदण्यात आला होता आणि आत उतरायला वर्तुळाकार वळणांचा सौम्य उतार केला होता. त्यामुळे चाकाच्या खुर्चीवरूनही ही गुहा बघता येते. हवा वाहू नये म्हणून बोगद्याला एकामागोमाग दारं आहेत. एक बंद झाल्याशिवाय पुढचं उघडत नाही. मृतांचा मान, चालता न येणाऱ्यांची सोय आणि अळ्यांचा ओलावा, तिन्ही एकाच बांधकामात साधलं आहे. वयस्कर आई-वडिलांना घेऊन जाणाऱ्या ऑकलंडच्या मराठी कुटुंबांनी हे ध्यानात ठेवावं, कारण मुख्य ग्लोवर्म गुहेत पायऱ्या आहेत आणि शेवटी डुलत्या बोटीत उतरायचं असतं. तिसरी, अरानुई गुहा लवणस्तंभांसाठी सुंदर आहे, पण तिच्यातून ओढा वाहत नाही. ओढा नाही म्हणून चिलटं नाहीत, आणि चिलटं नाहीत म्हणून ग्लोवर्मही नाहीत.

ओढा हा म्हणूनच दाराइतकाच महत्त्वाचा. वरच्या अंगाची जंगलं कुरणांसाठी साफ झाली तशी टेकड्यांची माती पावसात सुटून ओढ्यात येऊ लागली. गाळाने तळ बुजला की चिलटांच्या अळ्यांची जागा जाते आणि पुराचं पाणी बोटींच्या मार्गात चढतं. उपाय गुहेच्या बाहेर, शेतकऱ्यांच्या जमिनीवर करावे लागले: ओढ्याच्या दोन्ही काठांना कुंपण घालून गुरं लांब ठेवायची, उतारांवर झाडं लावायची. जोरदार पाऊस झाला की बोटीची फेरी आजही रद्द होते. अशा वेळी चिडून उपयोग नाही; दुसऱ्या दिवसाची सोय मुक्कामातच ठेवलेली बरी.

आपल्याकडे मे-जूनमध्ये भंडारदऱ्याला, राजमाचीला, पुरुषवाडीला काजवे बघायला जी झुंबड उडते तिचा विचार इथे आल्याशिवाय राहत नाही. काजव्याच्या अळ्या मातीत, पालापाचोळ्यात वाढतात. झाडाखाली गाड्या लावल्या की त्या चिरडतात. हेडलाइट आणि टॉर्चच्या उजेडात नर-मादीला एकमेकांचे इशारे दिसत नाहीत. हे सगळं ठाऊक असून आपली व्यवस्था प्रवेशशुल्क आणि रात्रीची वेळ यांच्या फार पुढे गेलेली नाही. अजिंठ्यात माणसांच्या श्वासाने चित्रं खराब होतात हे मान्य करून रंगीत लेण्यांत एका वेळी मोजकेच लोक सोडतात. तसाच आकडा काजव्यांच्या झाडासाठीही ठरवता येईल. गाड्या दोन किलोमीटर अलीकडे थांबवता येतील. गावातल्या पोरांना मार्गदर्शक म्हणून नेमून त्यांच्याशिवाय कुणाला आत जाऊ न देणं शक्य आहे. वायटोमोला हे जमलं ते राखणाऱ्यांचा वाटा उत्पन्नात असल्यामुळे.

जायचं ठरवलंत तर काही बारकावे. फेरीची वेळ आधी नोंदवा आणि शक्यतो सकाळची पहिली घ्या. गुहेत दिवस-रात्र सारखीच, त्यामुळे उजेडात फरक नाही. फरक गर्दीत आहे. बाहेर कितीही ऊन असलं तरी एक स्वेटर हवा आणि पकड असलेले बूट हवेत. फोटो काढायला मनाई आहे, कारण फ्लॅशच्या किंवा पडद्याच्या उजेडाने अळ्या मंदावतात आणि पुन्हा पूर्ण चमकायला वेळ घेतात. डोळ्यांचंही तसंच: अंधाराला पूर्ण सरावायला त्यांना वीस-तीस मिनिटं लागतात. बोटीत बसण्यापूर्वी कुणी मोबाइल बघितला तर त्याचीच नव्हे, शेजारच्यांचीही फेरी फुकट जाते. आणि मनात फोटोतलं निळं आभाळ घेऊन जाऊ नका. ते कॅमेऱ्याने बराच वेळ उघडं राहून टिपलेलं असतं. डोळ्यांना दिसतात ते बारीक, थंड, हिरवट-पांढरे ठिपके, आणि नावाड्याने डोक्यावरची तार हाताने ओढली की त्यांची रचना हळूहळू सरकताना दिसते. बोटीला इंजिन नाही.

पैसे वाचवायचे असतील किंवा छोटी मुलं शांत बसणार नसतील, तर अंधार पडल्यावर रुआकुरीची जंगलवाट चालावी. ती विनामूल्य आहे आणि ओल्या कड्यांवर तिथेही ग्लोवर्म असतात, हाताच्या अंतरावर. टॉर्च पायाशी धरा, त्यावर लाल कागद बांधा, कड्याजवळ आलात की बंद करा. दिवसा हाताशी वेळ असेल तर ते अंगा रस्त्याने पश्चिमेला मांगापोहुएच्या नैसर्गिक पुलापर्यंत जा. तो एका जुन्या गुहेचा उरलेला तुकडा आहे. बाकीचं छत कोसळून गेलं आणि ही एवढी कमान ओढ्यावर उभी राहिली. लाकडी वाटेने तिच्या खालून जाऊन पुढच्या कुरणात चढलं की खडकात मोठमोठे जीवाश्म शिंपले दिसतात. या सगळ्या गुहा ज्यापासून बनल्या तो समुद्राचा तळ तिथे हाताने चाचपता येतो. तिथे हात लावायला हरकत नाही. खरवडून खिशात मात्र काही घालू नये.